सहानुभूती पुरे, आता नमुन्याचं बोला

यूएक्स रिसर्च, म्हणजे एखादं ॲप किंवा वेबसाइट लोक प्रत्यक्षात कशी वापरतात याचा अभ्यास, शिकणाऱ्याच्या कानावर सर्वांत आधी पडणारा आकडा पाचाचा. पाच वापरकर्त्यांबरोबर चाचणी घेतली की सुमारे ८५ टक्के दोष हाती लागतात, असं सांगितलं जातं. १९९३ साली याकोब नील्सन आणि टॉमस लँडाउअर यांनी मांडलेल्या गणितातून हा नियम निघाला. त्या गणितात एक गृहीतक होतं, ते मात्र नियम सांगताना कोणी सांगत नाही. एखादा दोष एका वापरकर्त्याला आढळण्याची शक्यता त्यात सरासरी ३१ टक्के धरली होती. ती १० टक्क्यांवर आणली तर पाच जणांत तो दोष एकदा तरी दिसण्याची शक्यता ४१ टक्केच उरते, आणि ८५ टक्के गाठायला १८ माणसं लागतात. दोष शंभरातल्या एकालाच अडवणारा असेल, समजा फक्त स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्याला, तर पाच जणांच्या चाचणीत तो सापडण्याची शक्यता जेमतेम ५ टक्के.

आता दुसरं गणित. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात १.३ अब्ज लोक, म्हणजे १६ टक्के लोकसंख्या, लक्षणीय अपंगत्वासह जगते. या लोकसंख्येतून डोळे मिटून पाच माणसं उचलली तर त्यांत एकही अपंग व्यक्ती नसण्याची शक्यता सुमारे ४२ टक्के. प्रत्यक्षात कोणी डोळे मिटून उचलत नाही, आणि तिथेच खरी गोम आहे. सहभागी होण्यासाठीचा फॉर्म कीबोर्डने भरता येत नाही. पात्रतेच्या अटींत ‘काम करताना सतत मोठ्याने बोलता आलं पाहिजे’ असं लिहिलेलं असतं. मानधन मिळवायला चित्रातली वेडीवाकडी अक्षरं ओळखून टाईप करावी लागतात. यातली एकही अट कोणी अपंगांना वगळायचं म्हणून घातलेली नसते, पण सगळ्या मिळून वगळण्याचं काम चोख करतात.

म्हणूनच समावेशक यूएक्स रिसर्चमध्ये, म्हणजे अपंग वापरकर्त्यांनाही सामावून घेणाऱ्या संशोधनात, करिअर करू पाहणाऱ्यांना सध्या दिला जाणारा सल्ला मला चुकीच्या दिशेचा वाटतो. एखादं प्रमाणपत्र घ्या, सहानुभूतीच्या कार्यशाळेला जा, पोर्टफोलिओत व्हीलचेअरवरची एक काल्पनिक व्यक्तिरेखा ठेवा आणि मुलाखतीत तळमळ दाखवा, असा तो सल्ला. नोकरीच्या जाहिरातीही तळमळच मागतात. या कामाचं कौशल्य मात्र तीन रूक्ष जागी आहे: नमुना (चाचणीला घेतलेली माणसं) कसा निवडला, सेशन (चाचणीची बैठक) कसं आखलं आणि दोषाची तीव्रता कशी ठरवली. करिअर उभं करायचं ते या तिन्हींवर, आणि कंपन्यांनी माणूस पारखावा तोही याच तिन्हींवर.

नमुन्याचं महत्त्व किती, याचं सर्वांत स्वच्छ उदाहरण अपंगत्वाच्या क्षेत्राबाहेरचं आहे. २०१८ मध्ये जॉय बुओलाम्विनी आणि टिम्निट गेब्रू या संशोधकांनी चेहऱ्यावरून लिंग ओळखणाऱ्या तीन व्यावसायिक प्रणाली तपासल्या. गोऱ्या वर्णाच्या पुरुषांसाठी चुकीचं प्रमाण जास्तीत जास्त ०.८ टक्के निघालं आणि सावळ्या-काळ्या वर्णाच्या स्त्रियांसाठी ते ३४.७ टक्क्यांपर्यंत गेलं. प्रणालींची सरासरी अचूकता ऐकायला छान होती. ती फसवी आहे हे उघड झालं, कारण या दोघींनी तपासणीआधी नमुना बांधला. आफ्रिकेतल्या तीन आणि युरोपातल्या तीन देशांच्या संसद सदस्यांचे १,२७० फोटो घेतले, त्वचेचा वर्ण आणि लिंग दोन्ही बाजूंनी समतोल राहील असे. निष्कर्षाने जगभर खळबळ उडाली, पण कारागिरी होती ती नमुन्यात.

वापरकर्ता संशोधनात ही कारागिरी स्क्रीनरपासून, म्हणजे सहभागी निवडण्याच्या प्रश्नावलीपासून सुरू होते. ‘तुम्ही अपंग आहात का?’ हा प्रश्न जवळपास निरुपयोगी असतो. वयामुळे ऐकू कमी येणारे लोक स्वतःला अपंग म्हणत नाहीत, आणि जे म्हणतात त्यांच्याबद्दल या उत्तरातून संशोधकाला उपयोगाचं काहीच कळत नाही. अपंगत्वाच्या आकडेवारीवर काम करणाऱ्या वॉशिंग्टन ग्रुपची सहा प्रश्नांची छोटी प्रश्नावली यासाठी बरी. पाहणं, ऐकणं, चालणं, लक्षात ठेवणं किंवा एकाग्र होणं, स्वतःची काळजी घेणं आणि संवाद साधणं यांत किती अडचण येते, एवढंच ती विचारते. उत्तरं चार: अडचण नाही, थोडी, खूप, अजिबात जमत नाही. ही प्रश्नावली लोकसंख्येच्या मोजणीसाठी बनलेली असल्यामुळे तिच्या जोडीला साधनांचे प्रश्न हवेतच. कोणता स्क्रीन रीडर वापरता, संगणकावर की फोनवर, किती वर्षं, रोज की कधीतरी? अक्षरं मोठी करून वाचता का, किती पट? माउसशिवाय काम करता का, आवाजाने करता का, स्विच (एका बटणाने चालणारं साधन) वापरता का?

इतक्या खोलात जायचं कारण आहे. दहा वर्षं एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर वापरणारी व्यक्ती बिघडलेल्या पानातूनही वाट काढते. शीर्षकांवरून उड्या मारते, दुव्यांची यादी उघडते, नाव नसलेल्या बटणाचं काम आजूबाजूच्या मजकुरावरून ओळखते. दोन वर्षांपूर्वी दृष्टी गेलेली व्यक्ती त्याच बटणापाशी थांबते. फक्त पहिलीला बोलावलंत तर उत्पादन उत्तम असल्याचा अहवाल निघेल, आणि फक्त दुसरीला बोलावलंत तर स्क्रीन रीडरची अडचण उत्पादनाच्या नावावर चढेल. अल्पदृष्टी हा तर हमखास विसरला जाणारा गट. ‘अंध सहभागी झाले’ अशी खूण करून टीम पुढे जाते, आणि अक्षरं चौपट मोठी करून वाचणारी माणसं राहून जातात. १,२८० पिक्सेल रुंदीच्या खिडकीत ४०० टक्के झूम केलं की मांडणीला ३२० पिक्सेलच मिळतात. त्या रुंदीत ‘पुढे जा’ बटण उजवीकडे पडद्याबाहेर गेलं, तर ते आहे हेच वाचणाऱ्याला कळत नाही.

बारा जणांची एक फेरी असेल तर तीन स्क्रीन रीडर वापरणारे, त्यांतला निदान एक फोनवरचा, दोन अल्पदृष्टीचे, दोन माउस न वापरणारे, सांकेतिक भाषा हीच पहिली भाषा असलेले दोन कर्णबधिर, आणि वाचन, स्मृती किंवा एकाग्रतेत अडचण असलेले तीन, अशी वाटणी सुरुवातीला चालते. पण वर्षातून एकदा असा मोठा घाट घालण्यापेक्षा नेहमीच्या प्रत्येक पाच-सहा जणांच्या फेरीत एक-दोन अपंग सहभागी असणं मला कितीतरी मोलाचं वाटतं. वार्षिक अभ्यासाचा अहवाल येतो तेव्हा उत्पादन तयार झालेलं असतं, आणि सापडलेल्या गोष्टी ‘पुढच्या आवृत्तीत बघू’च्या यादीत जाऊन बसतात.

अशा भरतीला नेहमीच्या एका आठवड्याऐवजी तीन-चार आठवडे लागतात. वाहन चुकणं, तब्येत बिघडणं, मदतनीस न येणं या कारणांनी गळती होते, म्हणून गरजेपेक्षा एक चतुर्थांश जास्त लोक ठरवून ठेवावेत. संस्थांमार्फत माणसं मिळवताना संस्थेच्या कर्मचाऱ्यांच्या वेळाचेही पैसे द्यावेत, कारण फोनाफोनी तेच करतात. मानधन इतर सहभागींइतकंच हवं. प्रवास आणि मदतनीसाचा खर्च त्याशिवाय. काही देशांत असं उत्पन्न सरकारी भत्त्यातून वजा होतं, म्हणून मानधन कसं हवं हे आधीच विचारावं. हे सगळं अंदाजपत्रकात नसेल तर चार फेऱ्यांनंतर तेच ओळखीचे तीन सहभागी फिरून फिरून येऊ लागतात. त्यांना चाचणी कशी असते हे इतकं पाठ झालेलं असतं की त्यांची उत्तरं सरावाची वाटू लागतात.

सेशनमध्ये पहिला बळी जातो तो ‘मोठ्याने विचार करा’, म्हणजे काम करताना मनात येईल ते बोलत राहा, या पद्धतीचा. स्क्रीन रीडर बोलत असताना सहभागी ऐकत असतो, आणि ऐकता ऐकता बोलायला सांगितलं की दोन्ही बिघडतं. एक टास्क शांतपणे पूर्ण होऊ द्यावं आणि मग त्यातल्या पायऱ्यांवर बोलावं, किंवा सहभागीने स्वतः आवाज थांबवून बोलावं. मॉडरेटरने, म्हणजे सेशन घेणाऱ्याने, मधे ‘हं, बरोबर’ म्हणायची सवयही आवरावी. त्या आवाजाखाली स्क्रीन रीडरचं वाक्य बुडतं. दूरस्थ सेशनमध्ये स्क्रीन शेअर करताना संगणकाचा आवाज शेअर करण्याचा पर्याय वेगळा सुरू करावा लागतो. तो राहिला तर पाहणाऱ्यांच्या हाती दीड तासाचं मूक रेकॉर्डिंग येतं. पडदा मोठा करणाऱ्या साधनांची गोष्ट उलटी: सहभागीला दिसणारा मोठा केलेला भाग बऱ्याचदा शेअर केलेल्या स्क्रीनवर येतच नाही. तिथे पडद्याकडे रोखलेला दुसरा कॅमेरा लागतो.

सांकेतिक भाषेचं सेशन तासाच्या पुढे जाणार असेल तर दुभाषी दोन हवेत, वीस-तीस मिनिटांनी आलटून पालटून. प्रश्न आणि पडद्यावरच्या संज्ञा त्यांना दोन दिवस आधी पाठवाव्यात. दुभाषी मॉडरेटरशेजारी बसतो, सहभागीच्या समोर. बोलायचं मात्र सहभागीशी; ‘त्यांना विचारा की…’ असं सुरू झालं की ती व्यक्ती आपल्याच सेशनमध्ये तिऱ्हाईत होते. आणि टास्क चालू असताना काहीही बोलू नये, कारण डोळे एकाच वेळी पडद्यावर आणि दुभाष्याच्या हातांवर राहू शकत नाहीत. हा शेवटचा मुद्दा अनुभवी मॉडरेटरही विसरतात.

सगळ्यांत मोठी फजिती होते प्रोटोटाइपची, म्हणजे उत्पादनाच्या कच्च्या प्रतिकृतीची. चित्र काढण्याच्या साधनात बनवलेला क्लिक करता येणारा प्रोटोटाइप बहुतेक वेळा स्क्रीन रीडरसाठी नुसता चित्रांचा गठ्ठा असतो. अशा वेळी सेशन रद्द होतं, आणि ‘अंध सहभागींची चाचणी उत्पादन तयार झाल्यावर घेऊ’ असा निर्णय होतो. त्यावर उपाय आहेत. महत्त्वाचा एकच प्रवाह साध्या एचटीएमएलमध्ये बांधून घ्यावा. शैलीविना, पण शीर्षकं, लेबलं आणि बटणं खरी असलेला. एखाद्या डेव्हलपरला यासाठी एक-दोन दिवस पुरतात. तेही जमत नसेल तर स्पर्धकाच्या किंवा जुन्या आवृत्तीच्या उत्पादनावर तोच टास्क द्यावा आणि अपेक्षा, क्रम, शब्द यांवर बोलावं. प्रयोगशाळेतल्या संगणकावर सहभागीला बसवणं मात्र टाळावं. वेग, आवाज, शॉर्टकट, रंगसंगती असं वर्षानुवर्षं जुळवलेलं सगळं त्याच्या स्वतःच्या यंत्रावर असतं. परक्या यंत्रावर तुम्ही त्याची गैरसोय मोजता, तुमचं उत्पादन नव्हे.

वेळ दीड तास धरावी, टास्क तीन-चारच ठेवावीत, मधे थांबायला सांगावं आणि दिवसात तीनपेक्षा जास्त सेशन ठेवू नयेत. सहभागी वापरतो त्याच साधनाच्या दुसऱ्या वापरकर्त्याबरोबर आधी एक रंगीत तालीम हवीच. संमतिपत्र स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये पाठवणारे संशोधक अजूनही सापडतात. स्क्रीन रीडरसाठी तो कोरा कागद असतो. साध्या मजकुरात पाठवावं, वाचून दाखवावं, तोंडी संमतीचं रेकॉर्डिंग चालेल का ते विधी विभागाला आधीच विचारून ठेवावं. बौद्धिक अपंगत्व असलेल्या सहभागीसोबत मदतनीस आला तर त्याला बसू द्यावं, पण उत्तर सहभागीकडूनच घ्यावं, मग कितीही वेळ लागो. नोंदींत ‘चौतिसाव्या वर्षी दृष्टी गेलेली, अमुक गावातली शिक्षिका’ असं लिहिलं की नाव वगळूनही ओळख पटते, कारण अशा माणसांचं वर्तुळ लहान असतं. युरोपच्या डेटा संरक्षण कायद्यात आरोग्यविषयक माहिती विशेष संरक्षणाच्या वर्गात येते. कायदा नसता तरी ही काळजी घ्यायलाच हवी होती.

एवढी मेहनत करून मिळालेले निष्कर्ष बहुतेक टीममध्ये एका साध्या तक्त्यामुळे वाया जातात. तीव्रता ठरवताना ‘बारापैकी किती जणांना आढळलं’ हा रकाना असतो. नाव नसलेलं बटण तिघांनाच अडवतं, दिसायला जरा गोंधळाचं चिन्ह आठ जणांना क्षणभर थांबवतं, आणि तक्ता चिन्हाला वर चढवतो. तिघांचं काम तिथेच संपलं, आठ जण दोन सेकंदांनी पुढे गेले, हे त्या रकान्यात मावत नाही. तीव्रता आधी परिणामावर ठरावी: काम अडलं, मदतीने झालं, उशिरा झालं की फक्त त्रास झाला. संख्या त्यानंतर बघावी, आणि तीही त्या साधनाच्या वापरकर्त्यांपैकी किती, अशी. तिघांपैकी तिघे ही मोठी संख्या आहे. टास्कला लागलेला वेळ सगळ्यांचा एकत्र करून सरासरी काढणं तर सरळ चुकीचं. स्क्रीन रीडरवरचा वेळ स्क्रीन रीडरवरच्याच दुसऱ्या आवृत्तीशी ताडून बघावा. अहवालातली भाषाही इथेच ठरते. ‘अंध वापरकर्त्याला फॉर्म भरता आला नाही’ या वाक्याने दोष माणसाकडे जातो. ‘तारखेच्या रकान्याला लेबल नाही, म्हणून स्क्रीन रीडर फक्त “संपादन” म्हणतो’ हे वाक्य वाचून डेव्हलपर कामाला लागतो.

संशोधन आणि तपासणी यांतला फरक नवशिक्याने सुरुवातीलाच पक्का करावा. डब्ल्यूसीएजी या, वेबसाइट अपंगांनाही वापरता यावी म्हणून केलेल्या आंतरराष्ट्रीय नियमावलीची २.२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये आली. साध्या मजकुराला ४.५ : १ कॉन्ट्रास्ट (अक्षर आणि पार्श्वभूमी यांतला उजेडाचा फरक), बोटाने दाबायच्या जागेला निदान २४ गुणिले २४ पिक्सेल, यासारख्या गोष्टी त्यात मोजून दिल्या आहेत. ज्या गोष्टी मोजता येतात त्या शोधायला माणसाला दीड तास बसवू नये. टॅब दाबत पान फिरून बघायला दहा मिनिटं लागतात. फोकस, म्हणजे कीबोर्डने आपण पानावर आत्ता कुठे आहोत, ते दिसत नसेल तर ते तिथेच दुरुस्त करून घ्यावं आणि मग सहभागीला बोलवावं. सहभागीकडून कळतं ते निराळंच असतं. नियमात बसणारा फॉर्मही डोक्याला ताप का होतो, कोणत्या शब्दापाशी विश्वास उडतो, कुठे लोक नातेवाइकाच्या हाती फोन देऊन मोकळे होतात.

प्रमाणपत्रांना माझा विरोध नाही. आयएएपी या अपंग-सुलभतेच्या क्षेत्रातल्या व्यावसायिकांच्या संघटनेचं सीपीएसीसी हे प्रमाणपत्र घेतलेल्याला अपंगत्वाचे प्रकार, मानकं आणि कायदे यांची तोंडओळख आहे एवढं नक्की समजतं. त्यावरून त्याला सेशन घेता येईल की नाही हे कळत नाही. डोळ्यांवर पट्टी बांधून वेबसाइट वापरायच्या कार्यशाळांचा मात्र तोटाच जास्त. त्यातून कळतो तो नुकत्याच पट्टी बांधलेल्या माणसाचा पहिल्या तासातला गोंधळ. वर्षानुवर्षं सफाईने काम करणाऱ्या अंध माणसाचं कसब त्यातून कळत नाही, आणि सहभागी बाहेर पडतात ते कीव घेऊन. मायक्रोसॉफ्टने रूढ केलेला कायमचं, तात्पुरतं आणि प्रासंगिक अपंगत्वाचा पट उत्पादन प्रमुखांना खर्च पटवून द्यायला उपयोगी पडतो. पण एका हाताने काम करणाऱ्या व्यक्तीऐवजी कडेवर बाळ घेतलेल्या पालकाला बोलावून ‘एक हात’ या रकान्यावर खूण करणं, हे त्या पटाच्या नावाखाली सर्रास चालतं.

मग शिकावं कसं? एनव्हीडीए मोफत मिळतो. व्हॉइसओव्हर आणि टॉकबॅक हे स्क्रीन रीडर फोनमध्ये आधीपासूनच असतात. सहा-आठ आठवडे रोज अर्धा तास त्यांच्यावर नेहमीची कामं करावीत. त्यातून आपण प्रतिनिधी वापरकर्ते होत नाही, पण सेशनमध्ये काय चाललंय ते तरी कळू लागतं. ग्राहक सेवा, विशेष शिक्षण, सॉफ्टवेअर चाचणी, दुभाषेगिरी या कामांतून आलेल्यांकडे या कामाचं निम्मं कसब आधीच असतं आणि त्यांनी ते मुलाखतीत लपवू नये. पोर्टफोलिओत सुंदर पडद्यांपेक्षा स्क्रीनर ठेवावा, नमुन्याचा तक्ता आणि कोण मिळालं नाही याचं कारण ठेवावं, बदललेली सेशन योजना ठेवावी, आणि एका निष्कर्षाचा पहिल्या नोंदीपासून दुरुस्त झालेल्या कोडपर्यंतचा माग. मुलाखत घेणाऱ्याला यांतलं काहीच वाचायची इच्छा नसेल तर तोही एक निष्कर्षच.

यात एक गोष्ट कंपन्यांच्या सोयीची नाही. अपंग माणसांना या क्षेत्रात सहभागी म्हणून बोलावणं आता रुळलंय, संशोधक म्हणून घेणं अजून नाही. अडथळा पुष्कळदा संशोधकाच्या हत्यारांतच असतो. रंगीत चिठ्ठ्यांच्या डिजिटल फळ्यावर विश्लेषण करणाऱ्या टीममध्ये स्क्रीन रीडर वापरणारा संशोधक पहिल्याच दिवशी बाहेर बसतो. तेच विश्लेषण स्प्रेडशीटमध्ये करता येतं: एका ओळीत एक निरीक्षण, पुढे सहभागीचा क्रमांक, टास्क आणि निरीक्षणाचा विषय सांगणारी खूण. तिथे तो बरोबरीने काम करतो आणि शोधाशोधही सोपी होते. यंत्राने केलेली बोलण्याची शब्दांकनं माणसाकडून तपासून घेणं हेही असंच. अडखळत किंवा अस्पष्ट बोलणाऱ्यांच्या बाबतीत ती सर्वांत जास्त चुकतात, म्हणजे ज्यांचं म्हणणं ऐकायला फेरी घेतली त्यांचंच म्हणणं नोंदीतून गळतं. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या भाषा-मॉडेलकडून कृत्रिम सहभागी तयार करण्याची नवी टूम याच खड्ड्यात पडते. ज्यांच्याबद्दल लिहिलेलं कमी, त्यांच्या जागी मॉडेल सरासरी माणूस बोलायला बसवतं.

स्वतंत्र ‘समावेशक संशोधक’ पद असावं का, यावर माझं मत नकाराकडे झुकतं. त्याविरुद्धचा युक्तिवाद पोकळ नाही: सगळ्यांचं काम म्हटलं की ते कोणाचंच राहत नाही, आणि सर्वसाधारण संशोधक दुभाष्याला कुठे बसवायचं इथपासून चुकतात. पण वेगळी टीम कापायलाही सोपी असते. नोव्हेंबर २०२२ मध्ये ट्विटरने मोठी नोकरकपात केली तेव्हा तिथली ॲक्सेसिबिलिटी टीम, म्हणजे उत्पादन अपंगांना वापरता यावं यासाठी काम करणारी टीमही गेली. आणि युरोपचा ॲक्सेसिबिलिटी कायदा २८ जून २०२५ पासून लागू झाल्यावर वेगळ्या पदावरच्या माणसाला नियमपालनाच्या याद्या भरायला बसवण्याचा मोह आणखी वाढतो. म्हणून पहिली दोन-तीन वर्षं सर्वसाधारण यूएक्स रिसर्च करावा, पण आपल्या प्रत्येक फेरीचा नमुना वर सांगितल्यासारखा ठेवून. विशेषज्ञ नंतर व्हावं, आणि ते भरतीचं अंदाजपत्रक व इतरांच्या अभ्यास-आराखड्यांवर शेरा मारण्याचा अधिकार हातात घेऊन. हे दोन नसतील तर पदनाम कितीही भारदस्त असो, काम अहवाल पाठवण्याचंच राहतं.

नोकरी स्वीकारण्याआधी तीन प्रश्न विचारून घ्यावेत. गेल्या सहा महिन्यांतल्या अभ्यासांत किती अपंग सहभागी होते आणि त्यांतले किती नेहमीच्या फेऱ्यांमध्ये होते? सहभागींच्या खर्चात दुभाषी, मदतनीस आणि प्रवास यांची वेगळी ओळ आहे का? अशा एखाद्या निष्कर्षामुळे उत्पादनाची तारीख पुढे गेली, असं शेवटचं कधी झालं? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं नवीन टीमकडे नसली तर चालतं, ती तुम्हीच तयार करणार असता. तिसऱ्याला ‘आमच्याकडे अशी वेळच येत नाही’ असं उत्तर आलं, तर चाचणीत काहीही सापडलं तरी तारीख हलणार नाही असं समजून पगाराचं बोलावं.